सर्जाला फिरवायचा हंगाम

दिवाळी सरली की आमच्या रस्त्याचा आवाज बदलतो. एरवी इथून दुधाची गाडी, शाळेची व्हॅन आणि कुणाची तरी सायलेन्सर फुटलेली मोटरसायकल एवढंच जातं. मग एका सकाळी लांबून गाणं ऐकू येतं, जवळ येत येत इतकं मोठं होतं की खिडकीच्या काचा थरथरतात, आणि दोन रिकाम्या ट्रॉल्या ओढत एक ट्रॅक्टर नदीच्या अंगाला निघून जातो. कारखाना सुरू झाल्याचं आम्हाला वर्तमानपत्रात वाचावं लागत नाही.

काल सकाळी तो पहिला ट्रॅक्टर गेला. मी शेवंती खुडत होते. आमचा कुत्रा सर्जा ओसरीच्या पायरीवर उन्हाला पोट देऊन पडला होता. त्यानं एक डोळा उघडला, ट्रॅक्टर जाऊ दिला आणि डोळा मिटून घेतला. मला हसूच आलं. काही वर्षांपूर्वी ट्रॅक्टर दिसला की हाच सर्जा अख्खी वस्ती डोक्यावर घ्यायचा, आणि त्याच हंगामात त्यानं माझ्या सासऱ्यांना भर रस्त्यात लोळवलं होतं. तो हंगाम माझ्या अंगात मुरलाय. थंडी पडून उसाच्या पाचटाचा वास सुटला, की आजही चालताना माझ्या डाव्या गुडघ्याशी एक गरम बरगडी घासतेय असं वाटतं.

वडगाव रासाईचे हे दिवस मला फार आवडतात, आणि हे मी बेधडक सांगते. सकाळी भीमेवर धुकं बसलेलं असतं. तुटलेल्या फडातून ओल्या मातीचा आणि चिरडलेल्या उसाचा गोडसर वास येतो. तोडणी कामगारांच्या पाचटाच्या कोपींपुढं चुली पेटतात, बाजरीच्या भाकरीचा खरपूस वास थेट आमच्या गोठ्यापर्यंत पोचतो. वारा फिरला की त्यात कारखान्याच्या मळीचा वास मिसळतो. पुण्याहून आलेले पाहुणे नाकाला रुमाल लावतात. मला तो वास आला की भूक लागते.

याच दिवसांची दुसरी बाजूही आहे. ऊस उभा असतो तोवर बिबट्या त्याच्या घरात असतो. एकेक फड तुटायला लागला की त्याचं घर आक्रसत जातं, मग तो या फडातून त्या फडात सरकतो आणि वाटेत जे कुत्रं सापडेल ते उचलतो. आमच्याकडं आता गोठ्याला जाळी असते, ओसरीवर रात्रभर दिवा असतो, आणि संध्याकाळी बाया बोलत बोलत घरी येतात. यात आम्ही शूर वगैरे नाही, सवयीचे झालो आहोत.

त्या वर्षी दिवाळीच्या आधी आबांच्या छातीत कळ आली. आबा म्हणजे माझे सासरे. दौंडच्या दवाखान्यात त्यांना नेलं, हृदयात स्प्रिंग बसवली, आणि सुट्टी देताना डॉक्टर म्हणाले, ‘‘गोळ्या घ्याच, पण रोज चालायचं. चालणं बंद केलंत तर माझ्या गोळ्यांचा काही उपयोग नाही.’’

आबांनी आयुष्यभर चालण्याशिवाय दुसरं केलं काय होतं? नांगरामागं चालले, कुळवामागं चालले, बैल घेऊन बाजाराला चालले. पण काम नसताना रस्त्यानं नुसतंच चालायचं, हे काही त्यांना जमेना. पहिल्या दिवशी धुतलेला सदरा घालून, टोपी नीट करून निघाले. आमच्या रस्त्यावर माणूस दिसला की विचारायची पद्धतच आहे, ‘‘कुठं चाललाव, आबा?’’ त्यात चौकशी नसते, तो आमचा नमस्कार आहे. पण त्याला उत्तर लागतं. सोसायटीत चाललोय, फडाकडं चाललोय, सोयऱ्याकडं चाललोय. आबांकडं उत्तर नव्हतं. पाटाच्या चारीपर्यंत गेले आणि माघारी आले.

‘‘काय झालं?’’ मी विचारलं.

‘‘लोकांला काय सांगू? चालाय चाललोय म्हणू? म्हाताऱ्याला याड लागलंय म्हणत्याल.’’ असं म्हणून ते खाटेवर बसले. दुसऱ्या दिवशी सदरा खुंटीवरच राहिला.

त्यांना उत्तर मिळवून दिलं ते सर्जानं. आमच्या दावणीतली शेवटची बैलजोडी गेली तेव्हा आबा बरेच दिवस गोठ्यात जाऊन रिकाम्या खुंट्याकडं बघत बसायचे. त्याच सुमाराला एक तांबडं पिल्लू कुठून तरी वस्तीवर आलं, आणि आबांनी त्याला गेलेल्या बैलाचं नाव देऊन टाकलं. सर्जा वाढला तोही बैलासारखाच, मानेत जाड आणि डोक्यात हट्टी. एके सकाळी आबा दाराबाहेर पडले तसा तोही मागं गेला. चारीवर कुणीतरी विचारलं, ‘‘कुठं चाललाव, आबा?’’ आबा म्हणाले, ‘‘कुठं न्हाई, ह्याला फिरवतोय.’’ आणि विषय संपला. जनावर फिरवणं हे काम आहे. कामाला निघालेल्या माणसाला कुणी वेडा म्हणत नाही. त्या दिवसापासून आबा पुलापर्यंत जाऊ लागले आणि येताना त्यांच्या चेहऱ्यावर जराशी ऐटही दिसू लागली.

मग तोड सुरू झाली. शेजारच्या वस्तीवरच्या शालनकाकूंचं कुत्रं दिवेलागणीला अंगणातून गेलं. सकाळी बांधावर नुसता गळ्यातला पट्टा सापडला. आता सर्जाला मोकळं सोडायची सोय राहिली नाही. आबांनी माळ्यावरून बैलाचा जुना कासरा काढला, सर्जाच्या गळ्यात बांधला आणि दुसरं टोक आपल्या डाव्या हाताला गुंडाळून घेतलं.

चूक इथंच झाली, आणि ती बैल हाकलेल्या माणसाच्याच हातून व्हावी अशी होती. आमच्याकडं डाव्या हातात कासरा आणि उजव्या हातात आसूड. बैल ओढायला लागला की डावा हात मागं येतो, बैलाच्या नाकातली वेसण त्याला सांगते, आणि बैल थांबतो. पन्नासेक वर्षं आबांचा डावा हात हेच करत आला होता. पण कुत्र्याच्या नाकात वेसण नसते. त्याला मागं ओढलं की तो दुप्पट जोरानं पुढं ओढतो. कासऱ्याचे वेढे मात्र हातावर आवळत जातात.

तोडणीवाल्यांची एक बैलगाडी उसानं भरून चालली होती आणि तिच्याखाली, चाकांच्या मधोमध सावलीत, त्यांचं काळं कुत्रं डुलत डुलत चाललं होतं. सर्जानं ते बघितलं आणि झेप घेतली. आबांनी मागं ओढलं. मी फाटकात उभी होते. आबांना कोसळताना मी पाहिलं, आणि मागून येणाऱ्या ट्रॅक्टरचा ब्रेक कचकन लागलेला ऐकला. तो आवाज अजून माझ्या कानात आहे.

डावं मनगट मोडलं होतं, एवढ्यावर निभावलं. रांजणगावच्या कंपनीतून माझा नवरा शिफ्ट अर्धी टाकून आला. प्लास्टर घातलेले आबा खाटेवर, सर्जा खुंट्याला, आणि नवऱ्याचा आवाज चढलेला.

‘‘हे कुत्रं आता इथं नको. इनामगावला तुझ्या भावाकडं सोडून येतो.’’

 आबा नुसते भिंतीकडं वळून झोपले. त्यांना रागावताना मी पुष्कळदा पाहिलं होतं, पण असं पाठ फिरवून पडलेलं बघवेना. माझी भीती अगदी साधी होती. सर्जा गेला की रस्त्यावरच्या त्या प्रश्नाचं उत्तर जाणार, आबा खाटेवर बसणार, आणि एकदा बसले की उठायचे नाहीत.

‘‘आपल्या उसाला तोड येईपर्यंत थांबा,’’ मी म्हणाले. ‘‘तोवर त्याला दोरीवर चालायला शिकवते.’’

‘‘तू? कुत्र्याला?’’

‘‘तुम्हाला टॉवेल खुंटीवर ठेवायला शिकवला की नाही?’’

तो हसला नाही, पण कबूल झाला. तोड आली की अंगणात दिवसभर ट्रॅक्टर उभे राहणार, माणसांची वर्दळ होणार, आणि तेव्हा हे ओढणारं जनावर दारात नको, एवढं त्याचंही बरोबर होतं. आमचा नंबर लवकरच लागेल, असं तोडीच्या पाळ्या ठरवणारा कारखान्याचा स्लिपवाला सांगून गेला होता. त्याचं लवकरच म्हणजे उद्याही असू शकतं आणि संक्रांतीनंतरही.

इनामगावबद्दल माझं काही वाकडं नव्हतं, ते माझं माहेर आहे. घोडनदीच्या काठावर तिथं फार जुन्या काळची घरं उकरून काढली आहेत, चुली आणि रांजण निघाले आहेत. लहानपणी आम्ही त्या पांढरीच्या टेकाडावर खापऱ्या वेचत हिंडायचो. त्या हंगामात मला ते टेकाड सारखं आठवे. नदीकाठी शेती करणारी ती माणसं, म्हणजे त्यांच्या दारात कुत्रं बसत असणारच. त्यातलं एखादं म्हाताऱ्याबरोबर पाणवठ्यापर्यंत जात असेल. त्याला कुणी कधी दोरी बांधली असेल का, आणि बांधली असेल तर ती घट्ट होती की सैल? माझ्या भावानं सर्जाला प्रेमानं सांभाळलं असतं. पण भावाला सर्जाची गरज नव्हती. आबांना होती.

शिरूरच्या बाजारातून मी छातीवर बसणारा रुंद पट्टा आणि हाताला रुतणार नाही अशी दोरी आणली. मोबाईलवर एका बाईंचा व्हिडिओ पाहिला. त्या हिरव्यागार लॉनवर गुबगुबीत कुत्रं घेऊन इकडून तिकडं फिरत होत्या, ना ट्रॅक्टर, ना शेळ्या, ना चारीत पडलेला मेलेला उंदीर. पण त्यांचं एक म्हणणं मला पटलं. कुत्रं ओढायला लागलं की आपण ओढायचं नाही, जागच्या जागी थांबायचं. दोरी सैल झाली की चालायचं. ओढून पुढं जाता येत नाही आणि सैल सोडलं की जाता येतं, एवढंच त्याला कळू द्यायचं.

ऐकायला हे सोपं आहे. गोठ्यामागच्या गाडीवाटेवर आम्ही सुरुवात केली. दोन पावलं गेलं की सर्जा ओढी, मी थांबे. तो मागं वळून बघे, दोरी झोळ खाई, मी चाले, तो ओढी. अशी आमची वरात. भाकरीच्या तुकड्याला त्यानं हुंगूनसुद्धा पाहिलं नाही. मग मी सुकट काढली. गुडघ्याशी नीट चालला की एक चिमूट. सर्जाला त्या वासासाठी जगातलं सगळं कबूल होतं. माझा मात्र पदर, हात, मोबाईलचं कव्हर, सगळं सुकटीनं दरवळू लागलं आणि आमची मांजरं माझ्या मागं मागं फिरू लागली.

शालनकाकू बांधावर उभ्या राहून बघायच्या. ‘‘अगं, त्याला चालाय काय शिकवतीस? चार पाय हायती की त्याला.’’

‘‘माझ्याबरोबर चालायला शिकवते, काकू.’’

‘‘आन् मदीच थांबतीस कशापायी? मला वाटलं काटा रुतला.’’

हसू देत, मला काय. मला लोकांच्या हसण्याचं कधीच फार वाटलं नाही, आणि सर्जा शिकणार याबद्दल मला शंकाही नव्हती. शेवंतीच्या कलमांना मुळं फुटेपर्यंत मी वाट बघते, हायब्रीड गाईची लाथ खाऊन तिची धार काढते, मग हे एक कुत्रं काय. गाडीवाट जमली तसे आम्ही चारीवर गेलो. चारी जमली तसे डांबरी रस्त्यावर. ट्रॅक्टर येताना दिसला की मी सर्जाला घेऊन लांब बांधाला जाई, खाली बसे, आणि तो जाईपर्यंत सुकट चारत राही. मग रोज जरासं रस्त्याजवळ. हळूहळू ट्रॅक्टर म्हणजे सुकट, असं त्याच्या डोक्यात बसलं. लांबून गाणं ऐकू आलं की भुंकायचं सोडून तो माझ्या हाताकडं बघू लागला.

पहाटेचं दव पायाला लागे, त्यानं सर्जाचं पोट भिजे. समोरून येणाऱ्या गाडीतला एखादा तोडणीवाला माझ्याकडं ऊस भिरकावे आणि मी तो झेलून खात खात घरी येई. दोरी माझ्या हातात असे, पण तिचं वजन कळत नसे. असं चालणं मी त्याआधी कधी चालले नव्हते. बाईमाणूस रस्त्यानं निघतं ते डोक्यावर किंवा कडेवर काहीतरी घेऊनच. मला ते चालणं फार आवडू लागलं.

आबा खाटेवरून सगळं बघत होते. हळूहळू चुका काढू लागले. माणूस चुका काढायला लागला म्हणजे बरा होत आला, हे मला ठाऊक आहे.

‘‘बैल असता तर मी एका दिसात सरळ केला असता,’’ ते म्हणाले.

‘‘बैल नाही ना तो.’’

‘‘नाव तर बैलाचं हाय.’’

‘‘नाव तुम्ही ठेवलंय, त्यानं नाही.’’ आबा मिशीत हसले. प्लास्टर घातल्यापासून प्रथमच.

त्या संध्याकाळी मी दोरी त्यांच्यापुढं धरली. खरं सांगायचं तर काळजी मला सर्जाची नव्हती, आबांच्या हाताची होती. कुत्रं शिकलं होतं, पण पन्नासेक वर्षांच्या हाताला कोण शिकवणार? डावा हात गळ्यात अडकवलेला, म्हणून त्यांनी दोरी उजव्या हातात घेतली. आम्ही गाडीवाटेवर गेलो. सर्जानं जरा ओढलं, आणि आबांचा उजवा हात नुसता पुढं लांबला आणि थांबला. मागं आलाच नाही.

मी बघत राहिले. मग माझ्या ध्यानात आलं. तो आसुडाचा हात होता. आबांनी बैलावर आसूड कधी मारला नाही, नुसता हवेत धरून दाखवायचे, हे गावात सगळ्यांना माहीत आहे. त्या हाताला ओढणं कधी शिकवलेलंच नव्हतं, त्याला आयुष्यभर हलकं राहायचीच सवय. मोडलेल्या मनगटानं आमचं निम्मं काम केलं होतं. मी हे त्यांना बोलून दाखवलं, तर म्हणाले, ‘‘व्हय, ह्यो हात तसा गरीबच हाय.’’

आणि तोड आली. पहाटेच टोळी फडात शिरली, कोयत्यांचा सपासप आवाज सुरू झाला, अंगणात ट्रॅक्टर, गुरांना घालायच्या वाढ्याच्या पेंढ्या, चहाची पातेली, हाका. नवरा रजा काढून घरी होता. सर्जा गोठ्याजवळ बांधलेला. नवऱ्यानं एकदा त्याच्याकडं आणि एकदा माझ्याकडं बघितलं. म्हणजे मुदत संपली होती.

मी काही म्हणायच्या आत आबा उठले. टोपी घातली, सर्जाची दोरी सोडली, उजव्या हातात धरली आणि कुणाला न विचारता फाटकाबाहेर पडले. नवरा मागं धावणार तेवढ्यात मी त्याचा दंड धरला.

‘‘अगं, पडतील ते.’’

‘‘बघा तरी.’’

मी हात त्याच्या दंडावर दाबून धरला. आमचाच भरलेला ट्रॅक्टर वळण घेऊन रस्त्याला लागला, ट्रॉलीवरचा ऊस दोन्ही बाजूंनी लोंबत होता. मागून तेच काळं कुत्रं पळत आलं. सर्जाचे कान ताठ झाले. दोरी सरळ झाली. आबांचा प्लास्टरचा हात झोळीतून वर आला, कासऱ्याकडं जायचा तसा दोरीकडं गेला, आणि मधेच थांबला. आबा नुसते उभे राहिले. ट्रॅक्टर जवळ येत होता. नवऱ्याच्या दंडाची शीर माझ्या बोटांखाली उडत होती. मग सर्जानं मान वळवून आबांकडं बघितलं, दोन पावलं मागं आला आणि त्यांच्या पायाला अंग लावून उभा राहिला. दोरीनं झोळ खाल्ला.

ड्रायव्हरनं ट्रॅक्टर हळू केला. ‘‘कुठं चाललाव, आबा?’’

‘‘ह्याला फिरवतोय,’’ आबा म्हणाले आणि पुलाच्या बाजूला चालू लागले.

मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. नवरा चहा प्यायला निघून गेला. इनामगावचं नाव त्या दिवशी त्यानं काढलं नाही, नंतरही कधी नाही.

आता पुन्हा पाचटाचा वास आहे, थंडी आहे. आबा थकले आहेत पण पुलापर्यंत जातात. सर्जाचं तोंड पांढरं झालंय. गेल्या महिन्यात कंपनीच्या तपासणीत नवऱ्याची साखर वाढलेली निघाली. डॉक्टरांनी त्यालाही तेच सांगितलं, रोज चालायचं. आज सकाळी तो नवे बूट घालून फाटकापर्यंत गेला आणि तिथंच घुटमळत राहिला. रस्त्यानं ट्रॅक्टर येत होते, ड्रायव्हर ओळखीचे. त्याच्या चेहऱ्यावर काय आहे ते मी लगेच ओळखलं, कारण तो चेहरा मी आधी एकदा पाहिला होता.

आबाही निघाले होते. त्यांनी लेकाकडं पाहिलं, बूट पाहिले, आणि हातातली दोरी त्याच्यापुढं धरली.

‘‘धर. उजव्या हातात. आन् वडू नगं, दत्तू, तो कुठं जात न्हाई.’’

नवऱ्यानं दोरी घेतली. सर्जा त्याच्या गुडघ्याशी आला. तिघं निघाले. पुढं आबा, दोन्ही हात मोकळे, कित्येक वर्षांनी रस्त्यावर त्यांच्या हातात काहीच नव्हतं. भरलेला ट्रॅक्टर शेजारून जाताना ड्रायव्हरनं गाणं बारीक केलं.

‘‘कुठं चाललाव, आबा?’’

मी फाटकात कान देऊन उभी होते.

‘‘कुठं न्हाई,’’ आबा म्हणाले. ‘‘चालाय चाललोय.’’